तिप्पण्णाची तलवार

बसूचं वागणं सुंदरम्माला अजिबात पटलं नव्हतं. भरल्या पंगतीतून एकानं हात झटकून उठावं, तसा तो रविवारी भर खेळातून उठला. बाहेरची दोन पोरं समोर, घरचा पुतण्या समोर, आणि हा "तुमी चालू द्या" म्हणून गॅलरीत जाऊन शेंगा फोडायला बसला. शेंगा कुणी मागितल्या होत्या? चटणीचा डबा काठोकाठ भरलेला होता. सुंदरम्माच्या घरात आमटीला मीठ नसलं तरी शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी ताटावरून हलत नाही. तिचा नवरा सिद्धलिंगप्पा अंगात ताप असताना पाहुण्यांचं जेवण होईस्तोवर भिंतीला टेकून बसून राहिला होता. आणि त्याच्या पोटचा हा.

सोमवारपासून तिनं बसूशी बोलणं टाकलं. म्हणजे ती मुकी झाली असं नाही. ती नळाशी बोलत होती, पोळपाटाशी बोलत होती, आणि थोरल्या मुलाची बायको महेश्वरी हिच्याशी बसूच्या कानावर पडेल अशा बेतानं बोलत होती.

"विचार ग महेश्वरी, काही माणसांना भाकरी वाढायची का. अर्ध्यातनं उठायची सवय लागलीय माणसांना."

बसू भाकरी घेत होता, खाली मान घालून खात होता आणि गाडीला किक मारून नवी पेठेतल्या दुकानावर जात होता. यानं सुंदरम्माचा राग आणखी वाढत होता. भांडणारा माणूस बरा. भांडला तर निदान कुठं लागलं ते कळतं.

बसू तिचा धाकटा. पन्नाशीकडं झुकलेला. लग्न झालं नाही. का झालं नाही यावर बोलणं तिनं केव्हाच सोडलं होतं. दुकानात थोरला रेवणसिद्ध गल्ल्यावर बसायचा, गिऱ्हाइकांशी मराठीत, कानडीत, तेलुगूत गोड बोलायचा. बसू माळ्यावरून चादरींचे गठ्ठे खाली आणायचा आणि पुन्हा वर न्यायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेले शब्द मुठीत मावले असते. पण अंगानं असा की सिद्धेश्वराच्या जत्रेत तो नंदीध्वज पेलायचा. ती घरापेक्षा उंच काठी कमरेच्या पट्ट्यात उभी धरायची आणि गर्दीतून चालायचं, ती कलू न देता. जत्रेच्या त्या दिवसांत पांढऱ्या बाराबंदीतला बसू रस्त्यानं निघाला की दुकानात ज्यांनी त्याचं नावही कधी विचारलं नसेल, ती माणसं वाकून नमस्कार करायची. बाकीचं वर्ष तो त्या दिवसांवर काढायचा.

आणि मग अमरेशनं हा खेळ घरात आणला.

अमरेश म्हणजे रेवणसिद्धाचा मुलगा. पुण्याला शिकायला गेला तेव्हा हॉस्टेलवर हे शिकून आला. शिक्षण संपल्यावर घरूनच लॅपटॉपवर नोकरी करू लागला आणि रविवारी दुपारी जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सतरंजी पसरू लागला. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. पुढं नदी आहे, काय करता? राक्षस आला, काय करता? ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं, फासा टाकायचा, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. फासाही कसला, वीस तोंडांचा.

"रावणाला धाच हुती," सुंदरम्मा म्हणाली होती.

पहिल्या रविवारी अमरेशच्या शाळेतले दोनच दोस्त आले. अमृत आणि आरोही. तिसरा माणूस हवा होता. रेवणसिद्ध पेपरात तोंड घालून बसला, महेश्वरीला भिशी होती. बसू दारात चप्पल काढत होता.

"काका, बसता का?"

"मला काय येतंय त्यातलं?"

"काही यायला लागत नाही. कोण व्हायचंय तेवढं सांगा. अमृत मंत्र जाणणारा आहे, आरोही जखमा भरून काढणारी आहे. तुम्हाला पण मंत्र घेता येतील."

"मंत्राबिंत्राचं नको," सुंदरम्मा दिवाणावर मेथी निवडत होती, तिथूनच म्हणाली. "आमच्या घरात भस्म लावत्यात, भानामती करत न्हाईत."

बसू थोडा हसला. "मला ढाल-तलवार दे. साधी."

"नाव?"

"तिप्पण्णा."

सुंदरम्माला वाटलं, घटकाभर बसेल आणि उठेल. पण त्याच दुपारी तो पूल आला. अरुंद दगडी पूल, खाली खोल दरी, आणि समोरून लांडग्याच्या तोंडाची माणसं. अमृतला एकच आगीचा मंत्र येत होता, तो त्यानं वापरून टाकला आणि आता तो नुसता झगा घातलेला माणूस होता. आरोहीकडंही काही उरलं नव्हतं. दोघं पोरं एकमेकांकडं बघू लागली.

बसूनं सतरंजीवर मांडी बदलली. "पूल अरुंद हाय म्हणतोस नव्हं? मग एकेकच येणार. मी मधी हुबा ऱ्हातो. तुमी दोघं माझ्या मागं थांबा."

फासा टाकत टाकत त्यानं पूल धरून ठेवला. मध्ये एकदा फाशावर अगदीच लहान आकडा आला, तिप्पण्णाच्या मांडीत भाला घुसला, तर बसू म्हणाला, "गुडघा टेकतो, ढाल सोडत न्हाय." अमृत पुढं सरकून बसला होता. आरोहीनं तोंडावर हात घेतला होता. मेथी निवडायची राहिली आणि सुंदरम्माच्याच तोंडून निघालं, "हाण."

त्या दिवसापासून तिचं मन रविवारात अडकलं. कबूल करायची नाही. "पोरांचा येळ जातोय," म्हणायची. पण आठवड्यात कधीतरी बसूच्या ताटात भाकरी टाकताना विचारायची, "तुझा तिप्पण्णा कुटं पोचला रं?" आणि बसू सांगायचा. चार चार वाक्यं सांगायचा. त्याला असं बोलताना तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

पुढं पुढं सगळेच मोठे होत गेले. खेळाचा नियमच तो, जिंकाल तसे वाढाल. तिप्पण्णाही वाढला. आधी एक घाव घालायचा, आता दोन घालू लागला. अंगावर घाव झेलायची ताकद वाढली. पण अमृतचा मंत्रवाला वाढला तो भलताच. तो उडू लागला. दिसेनासा होऊ लागला. हात फिरवला की भिंत उभी राहायची, पुन्हा फिरवला की समोरच्याचा उंदीर व्हायचा. आरोही तर मेलेल्याला उठवायला लागली.

एकदा दरी आली. बसू सांगू लागला, "माझ्याकडं दोर हाय. त्या झाडाला बांधतो, आधी मी उतरून बघतो..."

"काका, राहू द्या," अमृत म्हणाला. "मी उडवतो की सगळ्यांना."

"बरं."

एकदा किल्ल्याचा दरवाजा आला. तिप्पण्णानं खांदा लावला, आणि बसूनं फासा उचलेपर्यंत अमृतनं एक शब्द म्हटला आणि दरवाजा उघडला. पोरगं काही वाईट नव्हतं. काकांना आधी विचारायचं, "काका, तुम्ही थकला असाल," म्हणायचं. सुंदरम्माला वाटायचं, वाईट असतं तर परवडलं असतं. हळूहळू बसूच्या पाळीला सगळे फोन बघू लागले. मग बसू आपण होऊन पाळी सोडू लागला. "माझं काय न्हाय, तू कर." मग खेळ चालू असताना उठून चहा टाकू लागला. पोरं म्हणायची, काकांच्या हातचा चहा एक नंबर.

हे असं चाललं असताना जत्रेचा सराव सुरू झाला, आणि बसूची कंबर गेली.

काठीखाली तो पहिल्यांदा डगमगला. काठी कलली. बाजूच्यांनी हात दिला म्हणून पडली नाही. मोठी माणसं काही टाकून बोलली नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बसवराज, लई वर्सं पेललीस. यंदा आधाराला चाल." आधाराला म्हणजे काठी पेलणाऱ्याच्या बाजूनं चालायचं आणि ती कलली तर हात लावायचा. हे सुंदरम्माला शेजारणीकडून कळलं. बसू घरी आला, हातपाय धुतले, लिंगपूजेला बसला, आणि पूजा झाल्यावर कमरेचा पट्टा गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. तिथं हात पोचायला स्टूल लागतं.

त्या दिवशी सुंदरम्मानं मनाशी हिशेब मांडला. काठी पेलायचा मान गेला. आता या पोराकडं एक रविवार उरला होता, आणि त्या रविवारातही तो चहा करत होता. तोही गेला तर हा माणूस घरात असून नसल्यासारखा होईल. गठ्ठे वर नेईल, खाली आणेल, जेवेल, झोपेल.

तिनं अमरेशला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"तुझ्या खेळात न्याव न्हाय."

"काय झालं, अज्जी?"

"तो लांडग्यांचा पूल कुणी धरला हुता? तवा तुझा अमृत कुटं हुता? झग्यात मुतायची येळ आली हुती त्याची. आता त्याला पंख फुटले, तर माझ्या पोरानं चहा टाकायचा व्हय?"

अमरेशनं डोकं खाजवलं. "अज्जी, हे सगळीकडंच असं आहे. मंत्रवाला सुरुवातीला कच्चा असतो, मग तो पार पुढं जातो आणि तलवारवाला मागं राहतो. जगभरचे खेळणारे यावर भांडतात. कुणाला नीट जमलेलं नाही."

"जगाचं जग बघंल. तू माझ्या घरात सतरंजी टाकतोस."

"मग काय करू? अमृतचे मंत्र कमी करू?"

पाहुण्याच्या ताटातलं काढून घ्यायचं हे सुंदरम्माला कसंसंच वाटलं. "तसलं नको. लोकाच्या पोराचं काढायचं न्हाय. तिप्पण्णाला काय तरी दे."

"काय देऊ?"

"मला काय इच्चारतोस? ताटात कमी पडलं तर वाढायचं, एवढं मला कळतंय. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नको."

अमरेशनं मनापासून केलं, हे तिलाही मान्य होतं. पुढच्या रविवारी गोष्टीत एक कोरडी विहीर निघाली, विहिरीत एक निळी तलवार निघाली, आणि ती बरोबर तिप्पण्णाच्याच हाताला लागली. काय नव्हतं तिच्यात. ती हातातून सुटून आपली आपण वार करायची, पुन्हा मुठीत येऊन बसायची. तिच्या टोकातून वीज पडायची. वार चुकायचाच नाही. अमृत म्हणाला, "काका, आता तुम्ही आमच्या सगळ्यांच्या वर." आरोहीनं टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

मग तीन मुंडक्यांचा राक्षस आला. अमृत म्हणाला, "काका, तुम्हीच." बसूनं फासा टाकला. अमरेशनं आकडा नीट बघितलाही नाही. तलवार उडाली, वीज पडली, तिन्ही मुंडकी गेली. पोरांनी ओरडून हॉल डोक्यावर घेतला. दिवाणावर सुंदरम्मानं पदर सारखा केला आणि छाती भरून श्वास घेतला. वाढलेलं अंगी लागलं, तिला वाटलं.

बसू सतरंजीवरच्या फाशाकडं बघत होता.

"अमरेश."

"बोला, काका."

"ही तलवार आरोहीच्या हातात दिली तर?"

अमरेशला खोटं बोलता येत नाही. "तिच्या हातातही चालेल."

"असंच तिन्ही मुंडकी उडतील?"

"हो."

"माणूस कोणबी चालतंय म्हण की."

बसूनं फासा उचलून अमरेशच्या पुढ्यात ठेवला, गुडघ्यावर हात रेटून उठला आणि म्हणाला, "तुमी चालू द्या." मग गॅलरीतून शेंगा फुटायचा आवाज येऊ लागला.

तर असं उठणं होतं ते. आणि सुंदरम्माचं म्हणणं एकच, नातवानं एवढं केलं, चांगलं करायला गेला, तर त्याचं मन ठेवायचं नाही होय? दोन रविवार हसून ती तलवार चालवली असती तर काय हात झडला असता?

हाच राग घेऊन ती जत्रेला गेली. महेश्वरीबरोबर रिक्षानं विजापूर वेशीत आली आणि ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर बसली. ऊन चढलं होतं. लांबून हर्र बोलाचा गजर आला, मग बाराबंद्यांची पांढरी गर्दी, आणि तिच्यातून एकामागून एक वर आलेल्या काठ्या.

बसू पेलायचा ती काठी यंदा रेवणसिद्धाच्या मेहुण्याचा पोरगा पेलत होता. प्रभुलिंग. तरणाबांड, मानेच्या शिरा फुगलेल्या, नजर वर. लोक त्यालाच नमस्कार करत होते, त्याचेच फोटो काढत होते. आणि त्याच्या डाव्या अंगाला, अर्ध्या हातावर, बसू चालत होता. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. त्याचंही कुणाकडं नव्हतं. तो काठीच्या टोकाकडं बघत होता. प्रभुलिंगनं पाऊल टाकलं की हा टाकत होता, तो थांबला की हा थांबत होता.

पायरीपाशी रस्ता वळतो. वळणावर वारं आलं आणि काठीचं टोक डावीकडं झुकलं. थोडंसंच. सुंदरम्मा निम्मी उठली. तेवढ्यात बसूचा तळहात काठीवर टेकला होता. त्यानं ओढलं नाही की ढकललं नाही, नुसता हात टेकवला आणि पाय रोवले. कंबर दुखली असणार, कारण त्याचा ओठ दाताखाली गेला. काठी सरळ झाली. त्यानं हात काढून घेतला. प्रभुलिंगनं मागं वळूनही बघितलं नाही. त्याला बघायची गरजच पडली नाही. गर्दी पुढं सरकली.

"कुणाला नमस्कार करताय, आत्या?" महेश्वरीनं विचारलं.

सुंदरम्माचे हात जोडलेले होते, आणि काठी केव्हाच पुढं गेली होती. तिनं पदरानं डोळे पुसले. "धूळ हाय," म्हणाली. आणि घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही. या म्हातारीला गप्प बसलेलं महेश्वरीनं पहिल्यांदाच बघितलं.

खेळातला मान गेला म्हणून तो रविवारी उठला असता, तर आज काठीच्या बाजूनंही चालला नसता. इथं तर मान नावालाही नव्हता. इथं होता तो फक्त त्याचा हात. आणि तो नसता तर काठी आडवी झाली असती.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये सतरंजी पडली. अमृत आला, आरोही आली. बसू गॅलरीत खलबत्ता घेऊन बसला होता. अमरेश दारात येऊन उभा राहिला. वयापेक्षा लहान दिसत होता.

"काका, ती तलवार काढून टाकू का? विहीर पण काढतो. मागचं सगळं नव्हतंच असं धरू."

"असू दे. ज्याला लागंल त्याला दे."

"तुम्ही या की पण. मी तुमच्यासाठी काहीतरी वेगळं..." पुढं त्याला सुचेना. "तिप्पण्णाचं काय करू मग?"

बसूनं बत्ता थांबवला.

"तो पयला पूल हाय का अजून?"

"आहे की."

"तितं सोड त्याला. साधी ढाल-तलवार दिऊन. कोण नवं पोरगं आलं खेळायला, मंत्र येत न्हाय अजून, पाय लटपटतेत, तर ते त्या पुलावरनं जाताना त्याला तिप्पण्णा भेटू दे."

"आणि तुम्ही?"

"मी चहा टाकतो थोड्या वेळानं."

अमरेश मान खाली घालून आत गेला. आत खेळ सुरू झाला. अमृतच्या मंत्रानं काहीतरी फुटलं, पोरं हसली. हसणं पूर्वीसारखं मोठं नव्हतं, पण सुरू तर झालं. कुणाचं काही अडलं नव्हतं.

सुंदरम्मा गॅलरीत येऊन बसली. सूप पुढं ओढलं आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढू लागली. बत्त्याचा आवाज चालू होता.

"अव्वा," बसू वर न बघता म्हणाला, "तलवार तू सांगितलीस नव्हं त्याला?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कोण कशाला सांगंल. कुणाच्या ताटात कमी दिसलं की तुझा हात थांबत न्हाय, मला म्हायतीय."

तिनं सालं फुंकली. वाऱ्यानं ती गॅलरीच्या बाहेर गेली, काही परत आत आली आणि तिच्या लुगड्यावर पडली. मुलाच्या हाताकडं तिनं बघितलं. तळहाताला घट्टे होते, काठीचे आणि गठ्ठ्यांचे, कुठले कुठचे ते आता ओळखू येत नव्हतं. मीठ घातलं, तिखट घातलं, लसूण घातली, आणि आठवडाभरात पहिल्यांदा तिनं भिंतीशी, नळाशी न बोलता त्याच्या तोंडाकडं बघून म्हटलं,

"उठलास ते बरोबर केलंस, बसू. मी उगं तुला बोल लावला. पर तुझंबी चुकलं, ते आयकून घे. तोंड उघडून उठायचं हुतं, लई आधीच उठायचं हुतं, पयल्यांदा त्या पोरानं दोर राहू द्या म्हटलं तवाच. तू गप बसतोस, म्हणून माणसं नको ते ताटात वाढत बसत्यात."